हा दोष वाचकाचा

माझ्या बाबांचा छापील उल्लेख सगळ्या जगात एकाच ठिकाणी आहे. एका जाडजूड पुस्तकाची दुसरी आवृत्ती, पान दोनशे बारा, तळटीप एकवीस: 'पहिल्या आवृत्तीतील हे विधान सदोष वाचनावर आधारलेले होते. हा दोष वाचकाचा.'

वाचक म्हणजे पुस्तक विकत घेणारे तुम्ही नव्हे. वाचक हे सरकारी दफ्तरखान्यातलं पद होतं. जुने दरबारी कागद वाचायचे आणि त्यांचा अर्थ साध्या भाषेत उतरवून द्यायचा, एवढं काम. बाबा त्या पदावर सव्वीस वर्षं होते आणि सव्वीसही वर्षं त्यांच्या नेमणुकीच्या कागदावर 'तात्पुरती' असंच लिहिलेलं होतं.

पुस्तक सरांचं. त्यांना दफ्तरखान्यात सगळे राणीवाले सर म्हणायचे. तीनशे वर्षांपूर्वी आमच्या मुलखात एक सल्तनत होती आणि तिच्या तख्तावर एकीमागून एक चार बायका बसल्या. पहिलीचा नवरा लढाईत गेला तेव्हा सरदार म्हणाले, बसू दे चार दिवस, मग बघू. ते चार दिवस एकोणीस वर्षं चालले. दुसरीने दरबारातला पडदा काढायला लावला. तिसरी बंदरावरच्या व्यापाऱ्यांशी स्वतः भांडायची. चौथीबद्दल कुणालाच फारसं ठाऊक नव्हतं, कारण तिच्यानंतर तख्तावर आलेल्या पुतण्याने पहिलं काम केलं ते चौघींची नाणी गोळा करून वितळवण्याचं. या चौघींवर सरांनी तीन ग्रंथ लिहिले. शाली, पदकं, परदेशवाऱ्या, सगळं झालं. चौघींनी मिळून राज्य चालवलं नसेल इतकी वर्षं सरांनी चौघींवर घर चालवलं, असं बाबा एकदाच म्हणाले होते. त्यांचा तेवढाच काय तो विनोद.

आता खरी गोष्ट. सरांना ते कागद वाचताच येत नव्हते.

दरबाराची भाषा फारसी आणि हात शिकस्ता. शिकस्ता म्हणजे मोडलेली लिपी. कारकून घाईत लिहायचे, अक्षरांवरचे नुक्ते, म्हणजे ठिपके, गाळायचे, एका शब्दाची शेपूट दुसऱ्याच्या गळ्यात अडकवायचे. ती वाचायला दहा वर्षं जातात. सरांनी ती दहा वर्षं भाषणांत घालवली. त्यांना वाचता येत नाही हे जगात तिघांना माहीत होतं. सर, बाबा, आणि मी. मला कारण मी बाबांच्या शेजारी बसून लहानपणापासून तीच लिपी शिकले होते. 'दात मोजायचे, बाई,' बाबा म्हणायचे. 'नुक्ते नसले तरी अक्षराचे दात, या बारीक उभ्या रेघा, लपत नाहीत. एक दात कमी मोजलास की होयचं नाही होतं.'

त्या तळटिपेचं असं झालं होतं. मशिदीत शुक्रवारी खुतबा पढतात, त्यात ज्याचं नाव घेतलं जाईल तो राज्याचा धनी. बाबांनी एका कागदावरून वाचून दिलं होतं, 'मलिकेच्या नावाने खुतबा पढला गेला.' मलिका म्हणजे राणी, दुसरी. सरांना ते पटेना. बाईच्या नावाने कसा पढतील? त्यांनी मधे आपला एक शब्द घुसवला आणि छापलं, 'मलिकेच्या मुलाच्या नावाने.' चार वर्षांनी एका परदेशी विदुषीने मूळ कागद पाहिला आणि एका नियतकालिकात सरांची चांगली सालटी काढली. मग दुसरी आवृत्ती आली. तळटीप एकवीस आली.

त्या दिवशी बाबा घरी आले ते चपला न काढताच आत गेले. त्यांनी ट्रंकेतून आपली वही काढली, ओळीवर बोट ठेवलं आणि मला म्हणाले, "बघ बरं, मी काय लिहिलंय?"

"मलिकेच्या नावाने."

"मुलाच्या नाही ना?"

"नाही, बाबा."

"परत बघ."

मी तीनदा पाहिलं. दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन सरांकडे गेले. सर खुर्चीतून उठलेही नाहीत. "अहो, आता छापून झालंय," ते म्हणाले. "आणि एवढं काय? तुमचं नाव थोडंच घातलंय! तुम्हाला कोण ओळखतंय?" महिन्याभरात बाबांची तात्पुरती नेमणूक संपली. सव्वीस वर्षांनी अचानक ती तात्पुरती ठरली.

त्यानंतर बाबांनी वर्तमानपत्रसुद्धा वाचलं नाही. भाजी बांधून आलेला कागदही ते उलटा करून ठेवायचे. तीन वर्षांनी गेले. डॉक्टरांनी काहीतरी लांबलचक नाव सांगितलं, पण आई म्हणाली, "माणसं आजाराने जातात. हा तळटिपेने गेला."

मी तेव्हा एका वकिलाकडे टायपिंग करत होते. बाबा गेल्याला वर्ष झालं आणि एके दिवशी सरांचा फोन आला.

"कोण, मुन्शींची मुलगी ना? बाबा कसे आहेत?"

"वारले."

"अरे, अरे, अरे. कधी?"

"गेल्या वर्षी."

"फार वाईट. अगदी देवमाणूस." मग श्वास घेण्याइतकीच विश्रांती. "बरं, तुला शिकस्ता येते म्हणे?"

मी हो म्हटलं. बाबांचं आपण काय केलं ते त्या माणसाला आठवतही नव्हतं. मी आजवर समजत होते की ते आमच्या घराला टाळतात, त्यांना लाज वाटत असेल. कसली लाज! पायाखाली मुंगी मेली तर चालणाऱ्याला त्याची आठवण राहते का?  त्या माणसावर माझा दात होताच, आता तो चांगला धारदार झाला.

आईने ऐकलं तेव्हा ती पोळपाट तसाच टाकून माझ्याकडे वळली. "सापाला दूध पाजायला निघालीस?"

"दूध नाही पाजत गं."

"मग काय करणार आहेस?"

"अजून ठरलं नाही. आधी बिळात तरी शिरू दे."

 आईने कणकेचा गोळा उगाचच परत मळायला घेतला.

दफ्तरखान्याची वाचनशाळा तळमजल्यावर होती. लोखंडी मांडण्या, त्यांवर कापडी रुमालांत बांधलेली दफ्तरं, दमट हवा शोषायला कोपऱ्यात ठेवलेलं एक घरघरणारं यंत्र. बाबांचं टेबल तेच, खिडकीकडचं. त्यांच्या कोपराने घासून त्याचा एक कोपरा गुळगुळीत झाला होता. सर आठवड्यातून दोनदा यायचे, चहा मागवायचे आणि माझ्या मागे उभे राहून कागदाकडे मान डोलवत बघायचे. बाकीच्यांना वाटायचं, सर वाचतायत. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "डोळ्यांचा त्रास आहे, म्हणून मुलीकडून उतरवून घेतो." आणि प्रत्येक उताऱ्याखाली माझी सही घ्यायचे, तारखेसकट. "जबाबदारी ठरलेली बरी असते," ते म्हणाले. बाबांकडून त्यांनी कधी सही घेतली नव्हती. एवढं मात्र ते तळटिपेवरून शिकले होते.

चौथ्या राणीचं पत्र पाचव्या महिन्यात सापडलं. महसुलाच्या एका दफ्तरात चुकून बांधलेलं. तिने पुतण्याला लिहिलेलं. तिसरी ओळ वाचली आणि मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

'हवेली मी-दहम, बाग मी-दहम, मोहर नमी-दहम.'

मी-दहम म्हणजे देते. नमी-दहम म्हणजे देत नाही. हवेली देते, बाग देते, मोहोर देत नाही. सैन्य दाराशी उभं असताना ती बाई राज्याच्या मोहोरेवर, शिक्क्यावर, मूठ आवळून बसली होती. तीनशे वर्षं सगळ्यांनी लिहिलं की ती तख्त सोडून गेली. ती गेली नव्हती. तिला काढलं होतं.

होय आणि नाही यांच्यात कागदावर फरक तो केवढा? 'म' च्या गोल डोक्याआधी, उजवीकडे, एक बारीक दात. त्याच्यावरचा नुक्ता कारकुनाने नेहमीप्रमाणे गाळलेला.

तेवढ्यात सर आले. "काय म्हणतेय माझी राणी?"

माझी राणी. माझ्या डोक्यात काहीतरी जागच्या जागी बसलं.

"तुम्हाला काय वाटतं, सर?" मी विचारलं.

"मला विचारशील तर तिने सगळं देऊन टाकलं असणार. पुतण्या वयात आला, काकूने राज्य त्याच्या ओंजळीत घातलं. अगं, बायका धरून ठेवत नाहीत. त्यांचं मोठेपण देण्यात असतं." ते खिडकीतून बाहेर बघत बोलत होते, जणू समोर सभा बसली होती. "मला फक्त पुरावा हवाय."

"मिळेल, सर," मी म्हटलं.

मी कागद ओढला आणि लिहिलं, 'हवेली देते, बाग देते, मोहोर देते.' खाली सही केली. तारीख घातली.  बाबा असते तर त्यांनी माझं मनगट पकडलं असतं, हे मला कळत होतं. पण बाबा नव्हते, हाच तर सगळा मुद्दा होता.

माझा हिशेब साधा होता. पुस्तक येईल, ती परदेशी विदुषी मूळ कागद मागवेल, दात मोजेल आणि सरांची उरलेली सालटी काढेल. मी फक्त वाट बघायची. आणि यावेळी सरांनी माझ्याकडे बोट दाखवलं तर ते दाखवणार कसं? तुम्ही वाचलं नव्हतं का, असं पहिलंच कुणीतरी विचारेल.

पुस्तक आलं. नाव, 'त्यागिनी'. ते हातोहात खपलं. मी वाट बघत राहिले. दोन महिने, चार महिने. मग त्या विदुषीबद्दल चौकशी केली तर कळलं, पुस्तक येण्याच्या आधीच ती वारली होती. दुसरं कुणी तपासायला आलं नाही. पुस्तकात त्या पत्राचा फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढा. आणि ती लिपी वाचणारं उरलंय कोण? मी लावलेल्या सापळ्याभोवती लोक टाळ्या वाजवत उभे होते.

एके दिवशी वहिनी शाळेतून आली. माझ्या भावाची बायको, शिक्षिका. पिशवीतून नवं पाठ्यपुस्तक काढत म्हणाली, "वन्सं, तुमच्या सरांचा धडा आलाय बघा आम्हाला. चौथ्या राणीचा." मी धडा वाचला. शेवटी प्रश्न होता, 'राणीच्या त्यागातून मुलींनी काय शिकावे?' वहिनी हसत म्हणाली, "उत्तरसुद्धा पाठ करून घ्यायचंय. हट्ट न करता आपले हक्क आनंदाने सोडावेत."

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. पुतण्याने त्या बाईची नाणी वितळवली होती. मी तिचं 'नाही' वितळवलं. सरांचं काहीच बिघडलं नव्हतं. सुरी मी त्यांच्यासाठी परजली आणि कापलं तिला.

मग मी एक निनावी पत्र लिहिलं. नियतकालिकाच्या संपादकांना. तिसऱ्या ओळीत एक दात जादा आहे, मूळ कागद तपासावा, वगैरे. टाइप केलं, दुसऱ्या गावच्या पेटीत टाकलं. आणि काय झालं असेल? संपादकांनी ते पत्र आदरपूर्वक सरांकडे पाठवलं. सरांनी ते आदरपूर्वक माझ्या टेबलावर ठेवलं.

"कुणीतरी जळतोय. याला उत्तर लिही. अगदी शास्त्रीय. मी सही करतो."

मी माझ्याच पत्रासमोर बसले. नाही म्हटलं असतं तर सगळं तिथेच उघडं पडलं असतं, तेही चार भिंतींत, जिथे सरांनी ते दाबून टाकलं असतं. म्हणून लिहिलं. तो दात नसून कारकुनाच्या कलमाचा फराटा आहे, असे फराटे या काळात सर्रास आढळतात, आणि वर चार खोटे दाखले. इतकं झकास लिहिलं की संपादकांनी ते छापलं आणि खाली टीप दिली, 'शंकेचे समाधान झाले आहे.' माझ्या खोटेपणावर मीच शिक्कामोर्तब केलं. सर खूश होऊन म्हणाले, "तुझे वडीलही असेच हुशार होते हो." त्या क्षणी मी ठरवलं की आता आडून काही करायचं नाही. समोरून. माणसांच्या देखत. माझं काय व्हायचं ते होवो.

संधी सरांनीच दिली. त्यांच्या पंच्याहत्तरीचा सत्कार दफ्तरखान्याच्या सभागृहात ठरला. त्यांना मंचामागे त्या पत्राचा मोठा फोटो हवा होता, भिंतभर, कापडावर छापलेला. ते काम माझ्याकडे आलं. मी फोटो असा काही काढून घेतला की तिसऱ्या ओळीतलं एकेक अक्षर हाताएवढं झालं. मग सर म्हणाले, "मूळ फारसी ओळ सुरुवातीला तू वाचून दाखव. तुझा आवाज गोड आहे. अर्थ मी सांगतो."

"आनंदाने, सर."

आईला मी आदल्या दिवशी सगळं सांगितलं. तिने विचारलं, "त्यात तुझंही नाक कापलं जाईल ना?"

"जाईल."

"आपलेच दात, आपलेच ओठ," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी पुढच्या रांगेत बसेन."

सभागृह भरलं होतं. प्राध्यापक, पत्रकार, शाळांतले शिक्षक. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त न्यायाधीश, ऐंशीचे, कान तिखट. दफ्तरखान्याच्या नव्या प्रमुख बाई बाजूला बसल्या होत्या. आई पुढच्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून.

माझं नाव पुकारलं. मी माइकपाशी गेले आणि सावकाश वाचलं, "हवेली मी-दहम. बाग मी-दहम. मोहर नमी-दहम."

सर माझ्या बाजूला आले, हात पसरून म्हणाले, "ऐकलंत? हवेली देते! बाग देते! मोहोर देते!" टाळ्या झाल्या. टाळ्या संपेपर्यंत मी जागची हलले नाही.

"सर, मी असं वाचलेलं नाही."

"अं?"

"शेवटचा शब्द वेगळा आहे. तुम्ही ऐकलात ना? मी-दहम, मी-दहम, नमी-दहम." मी सभेकडे वळले. "फारसी येण्याची गरज नाही. मागे बघा. तिसऱ्या ओळीत एकच शब्द तीनदा आलाय. पहिल्या दोन ठिकाणी तो गोल डोक्यापासून सुरू होतो. तिसऱ्या ठिकाणी डोक्याच्या उजवीकडे काय दिसतंय?"

 मग मागून एका शिक्षकाचा आवाज आला, "बारीक रेघ आहे. दातासारखी."

"पहिल्या दोन ठिकाणी आहे?"

"नाही."

"तो दात म्हणजे 'नाही'. राणी म्हणते, मोहोर देत नाही."

सभेत कुजबूज सुरू झाली. सरांनी हसायचा प्रयत्न केला. "मुलगी घाबरली आहे. एवढी मोठी सभा पाहून गोंधळते माणूस."

"मग तुम्ही वाचा, सर," मी म्हटलं आणि माइक त्यांच्या हातात दिला. "तिसरी नको. पहिली ओळ वाचा. सोपी आहे."

ते वळून त्या भिंतीएवढ्या पत्राकडे बघायला लागले. इतकी वर्षं माझ्या आणि बाबांच्या खांद्यावरून जसे बघायचे तसेच, मान डोलवत. फक्त आता पुढे कुणाचा खांदा नव्हता. मला खोटं सांगायचं नाही. मला त्या शांततेचा प्रत्येक क्षण गोड लागला. मी तो लिमलेटच्या गोळीसारखा तोंडात घोळवला.

"माझा चष्मा..." सर म्हणाले.

"नाकावर आहे," न्यायाधीश म्हणाले.

मागच्या रांगांतून हसू फुटलं. सर लालबुंद झाले. त्यांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला कागद काढला आणि उंच धरला. "हिनंच मला हे वाचून दिलंय! 'मोहोर देते'! हिचं अक्षर, हिची सही! मला काय माहीत हिने काय वाचलं?"

वाक्य तोंडातून निघून गेलं तेव्हा त्यांना कळलं. सभेला त्याआधीच कळलं होतं.

न्यायाधीश सावकाश म्हणाले, "म्हणजे तुम्हाला स्वतःला वाचता येत नाही?"

 मी माइक परत घेतला. "कागद खरा आहे. अक्षर माझं, सही माझी. मी मुद्दाम खोटं वाचलं. यांच्या तिन्ही ग्रंथांतली ओळ न् ओळ माझ्या वडिलांनी वाचून दिली आहे, आणि त्यांचा उल्लेख फक्त एका तळटिपेत आहे, तोही यांनी केलेली चूक त्यांच्या गळ्यात बांधण्यासाठी." मग सरांकडे वळून मी म्हणाले, "आता दुसरी तळटीप घाला, सर. हा दोष वाचकाचा. या वेळी खरंच आहे."

आई उठली, पर्स काखोटीला मारली आणि दाराकडे चालू लागली. मी तिच्यामागे गेले. रस्त्यावर आल्यावर ती कोपऱ्यावरच्या बाकावर बसली आणि हुंदके देऊन रडली. मला वाटलं होतं, ती खूश होईल.

चौकशी झाली. सरांची पदकं परत मागितली गेली, 'त्यागिनी' दुकानांतून उठवली, धडा पुस्तकातून वगळला. हे सगळं मला हवं तसं झालं. नको तसं झालं ते प्रमुख बाईंच्या खोलीत.

मी बाबांच्या वह्या घेऊन गेले होते. एकूण एकतीस. म्हटलं, आता यांच्यावरून बाबांच्या नावाने ग्रंथ काढा. बाईंनी वह्यांना हात लावला नाही.

"मला तुमच्या वडिलांबद्दल वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "पण एक सांगा. तुम्ही सव्वा वर्ष खोटं वाचन जगात राहू दिलंत. वर ते शास्त्रीय उत्तरही तुमचंच ना? आता तुमच्या घरातून आलेल्या या वह्यांवर मी विश्वास कसा ठेवू? यात तुम्ही काही बदललं नाहीत कशावरून?"

"हे बाबांचं अक्षर आहे."

"त्यांच्या अक्षरात लिहायला तुम्हाला येत नाही?"

येत होतं. अगदी हुबेहूब.  सरांना पाडताना माझा धक्का बाबांना लागेल, हे मी कधी मनात आणलंच नव्हतं. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी बाहेरच्या देशातून दोन जाणकार बोलावले, त्यांनी नऊ महिने बसून एकतीस वह्या मूळ कागदांशी ताडून पाहिल्या. ते नऊ महिने मला सूड, न्याय, राणी, काहीच आठवलं नाही. मी फक्त बाबांची कुठे चूक निघू नये एवढंच म्हणत होते.

अहवाल आला. अकराशेवर वाचनांत सात किरकोळ चुका. खुतब्याचं वाचन बरोबर. बाबांचं पूर्ण नाव पहिल्याच पानावर छापलं गेलं. शेवटच्या पानावर माझंही होतं, 'हेतुपुरस्सर अपवाचन' या शीर्षकाखाली. दफ्तरखान्यात पाऊल ठेवायला मला कायमची बंदी झाली. चौथ्या राणीचं पत्र पुन्हा छापलं, मोठ्या आकारात, 'देत नाही' सकट. तिच्याबद्दल आणखी काय काय त्या दफ्तरांत बांधून पडलंय ते आता दुसरं कुणी वाचेल. ते मला वाचता येणार नाही, हे सगळ्यांत जास्त लागतं. सरांचं काय झालं याचं काही लागत नाही. लोक विचारतात, पश्चात्ताप होतो का? त्या बाईच्या तोंडात मी खोटे शब्द घातले, त्याचा होतो. सरांच्या बाबतीत विचाराल तर मला आजही ती चष्म्याची वेळ आठवली की भूक चांगली लागते.

वकिलानेही मला परत घेतलं नाही. खोटा उतारा करणारी टायपिस्ट कुणाला परवडेल? शेवटी आमच्या रस्त्यावरच्या औषधांच्या दुकानदाराने ठेवून घेतलं. त्याला डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचणारं माणूस हवं होतं. पहिल्या दिवशी त्याने वेगवेगळ्या डॉक्टरांच्या दहा चिठ्ठ्या माझ्यासमोर टाकल्या, मी दहाच्या दहा वाचल्या. तो म्हणाला, "बाई, तुम्ही मनुष्य आहात का?" मी म्हटलं, "हे काहीच नाही. हे लोक निदान जिवंत आहेत, अडलं तर फोन तरी करता येतो."

गेल्या महिन्यात एक बाई आली. पन्नाशीची, दमलेली. चिठ्ठीवरचं नाव मी पाहिलं. सरांचं. म्हणजे ही त्यांची मुलगी. तिने मला ओळखलं नाही, आम्ही कधी भेटलोच नव्हतो. हृदयाच्या गोळ्या होत्या. डॉक्टरांचं अक्षर भयानक. एक आकडा असा होता की तो 'एक' असाही वाचता आला असता आणि 'सात' असाही.

मी चिठ्ठी हातात धरून उभी राहिले. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मालक मागे खोकी उघडत होता. काय काय मनात आलं ते मी इथे सांगणार नाही. पण आलं.

मग मी फोन उचलला, डॉक्टरांना लावला आणि विचारलं. एक होता. गोळ्या मोजून पाकिटात घातल्या.

"कशा घ्यायच्या?" मुलीने विचारलं. "तेच घेतात स्वतः, मी नोकरीवर असते."

मी पाकिटावर जाड पेनने लिहिलं, सकाळी एक, जेवणानंतर. अक्षरं इंच-इंच उंचीची काढली, पहिलीतल्या पोराला काढून देतात तशी.

"मोठं लिहिलंय," मी पाकीट तिच्या हातात देत म्हटलं. "एवढं वाचता येईल त्यांना."

ती थँक्यू म्हणून गेली. मी पुढची चिठ्ठी घेतली.